बेताचा उजेड

रायफलीच्या दुर्बिणीवर फिरवायच्या दोन टोप्या असतात. एक माथ्यावर, दुसरी बहुधा उजव्या अंगाला. नेमबाज त्यांना टरेट म्हणतात. माथ्यावरचा टरेट फिरवला की मार वर-खाली सरकतो, बाजूचा फिरवला की डावी-उजवीकडे. टरेट एकेक क्लिक करत पुढे जातो. आजच्या अनेक दुर्बिणींत एका क्लिकला एक दशांश मिल (मिल हे कोनाचं माप) एवढा फरक पडतो, म्हणजे १०० मीटरवर एक सेंटिमीटर. टोपीच्या कडेभोवती बारीक रेघा आणि आकडे कोरलेले असतात, काळ्या धातूवर पांढऱ्या रंगात. दिवसा ते वाचायला काहीच अडचण नसते.

रात्री मात्र तोच माणूस त्याच टरेटपाशी अडतो. बोटांनी क्लिक मोजता येतात, पण मोजणी मध्येच चुकली तर ती पडताळायची कशी? त्याहून मोठा घोटाळा वेढ्याचा. अनेक टरेटांचा एक पूर्ण वेढा दहा मिलचा असतो. आपण पहिल्या वेढ्यात आहोत की दुसऱ्या, हे विसरलं, तर ५०० मीटरवर मार पाच मीटरने हुकतो. टॉर्च लावून आकडा पाहावा, तर अर्धा तास अंधारात बसून तयार झालेली नजर एका क्षणात जाते. शिवाय समोरच्या कोणालाही टॉर्च दिसतो. राहता राहिला एकच मार्ग: आकडाच उजळला पाहिजे. तोही इतकाच, की वीतभर अंतरावरून वाचणाऱ्याला तो दिसेल आणि त्यापलीकडे कोणाला दिसणार नाही.

या पुस्तकाचा विषय या आकड्यापासून सुरू होतो, पण तो रायफलीपुरता नाही. मनगटी घड्याळाचे काटे, होकायंत्राची सुई, विमानातल्या मापकांच्या तबकड्या, पाणबुड्याचं खोलीमापक, जहाजाच्या बोळातली जमिनीलगतची पट्टी, उंच इमारतीतल्या जिन्याच्या कडा, या सगळ्यांचं मागणं एकच असतं. उजेड हवा, पण बेताचा. दिव्यांचा इतिहास जास्तीत जास्त उजेडाचा आहे. मेणबत्तीपासून विजेपर्यंत माणसाने अंधार हटवायचा प्रयत्न केला. या पुस्तकातल्या माणसांनी अंधार तसाच ठेवून त्यात एक रेघ वाचता यावी एवढीच खटपट केली. किती कमी उजेड पुरतो, कोणाला पुरतो आणि किती वेळ पुरतो, हे कळत जाण्याचा हा इतिहास आहे. त्या उजेडाची किंमत कोणी भरली, हा प्रश्नही याच इतिहासाचा भाग आहे आणि तो तळटीपेत टाकण्यासारखा नाही.

सुरुवात डोळ्यापासून करावी लागते, कारण चकाकणारा रंग बनवणाऱ्यांनी जे काही केलं ते शेवटी डोळ्याच्या अटींवर. आपल्या दृष्टिपटलात दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी उजेडात काम करतात. रंग त्या ओळखतात आणि बारकावेही त्याच टिपतात. दंडपेशी अंधारासाठी असतात. त्यांना रंग कळत नाहीत, पण अगदी क्षीण प्रकाशही त्या पकडतात. उजेडातून अंधारात गेल्यावर त्या पूर्ण जाग्या व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. त्या सर्वांत जास्त संवेदनशील असतात त्या सुमारे ५०७ नॅनोमीटरच्या निळसर हिरव्या प्रकाशाला. घड्याळाच्या काट्यांवरचा, होकायंत्रावरचा, जिन्याच्या पट्टीवरचा उजेड इतक्या वेळा हिरवाच का असतो, याचं मोठं कारण हे. संध्याकाळ पडता पडता लाल फुलं काळवंडतात आणि पानं तुलनेने उजळ दिसू लागतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने नोंदवलं. आजही तो परिणाम त्याच्याच नावाने ओळखला जातो.

दंडपेशींची आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. दृष्टिपटलाच्या नेमक्या मध्यावर, जिथे आपण सरळ रोखून पाहतो तिथे, त्या नसतातच. त्यामुळे अंधारातली फिकट खूण रोखून पाहिली की नाहीशी होते आणि नजर किंचित बाजूला नेली की पुन्हा उमटते. आकाशनिरीक्षकांना हे सांगावं लागत नाही. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या, १९४४ पासून चालू असलेल्या संस्थेत नवा सभासद दुर्बिणीपाशी आला की त्याला लाल कागद लावलेला टॉर्च आणि तिरक्या नजरेने पाहण्याची युक्ती या दोन गोष्टी आधी शिकाव्या लागतात. दंडपेशींना बारीक अक्षर वाचता येत नाही, ही त्यातली उरलेली अट. म्हणून अंधारासाठी खूण करणाऱ्याने आकडे उजळण्यापेक्षा आकार उजळावेत. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन वैमानिकांच्या घड्याळात बाराच्या जागी त्रिकोण आणि त्याच्या दोन बाजूंना दोन ठिपके असत. घड्याळ कसंही धरलं तरी वरची बाजू कुठली ते पटकन कळे. माझं ठाम मत आहे की टरेटवरचे सगळे आकडे चकाकते करण्यापेक्षा शून्याची एक जाड रेघ आणि वेढागणिक वेगळा दिसणारा एखादा आकार जास्त उपयोगी ठरतो. पुस्तकातला रायफलीच्या दुर्बिणीवरचा भाग याच मताभोवती लिहिला आहे.

यंत्रावरची खूण अंधारात वाचायची गरज पहिल्यांदा कोणाला पडली, हे सांगणं अवघड आहे. पण एक जुनं आणि पक्कं उदाहरण अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातलं आहे. डेव्हिड बुशनेल या तरुणाने एका माणसापुरती, लाकडी पिंपासारखी पाणबुडी बनवली. तिचं नाव 'टर्टल'. सप्टेंबर १७७६ मध्ये तिने न्यूयॉर्कच्या बंदरात ब्रिटिश युद्धनौकेखाली स्फोटक लावायचा प्रयत्न केला, तो फसला. पाण्याखाली आत मेणबत्ती लावली तर ती माणसाच्या श्वासाची हवा खाऊन टाकणार. म्हणून बुशनेलने होकायंत्रावर आणि खोलीमापकावर कुजक्या लाकडावर वाढणारी, स्वतः उजळणारी बुरशी लावली. आपल्याकडे भीमाशंकरच्या जंगलात भर पावसाळ्यात ओल्या लाकडांवर जो हिरवट उजेड दिसतो, तो अशाच बुरशीचा. थंडी पडली की बुशनेलच्या बुरशीचं तेज जायचं आणि त्याला हात बांधून बसावं लागायचं. मोहिमेचं वेळापत्रक एका बुरशीने ठरवावं, ही त्या काळच्या यंत्रकारांची खरी अडचण होती.

बुरशीच्या आधीपासून दगडाची वाट सुरू झाली होती. १६०३ च्या सुमारास इटलीतल्या बोलोन्याजवळच्या पादेर्नो डोंगरावर विन्चेन्झो काशारोलो या चांभाराला जड पांढरा दगड सापडला. त्याला किमया करायचा नाद होता. तो दगड त्याने कोळशात भाजला आणि भाजलेला दगड उन्हात ठेवून अंधारात नेला, तर तो निखाऱ्यासारखा दिसू लागला. सोनं मिळालं नाही, पण 'बोलोन्याचा दगड' युरोपभर गेला. गॅलिलिओच्या हाती त्याचे तुकडे पोहोचले, फोर्तुनियो लिचेती या विद्वानाने १६४० मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. प्रकाश दगडात शिरून राहतो की दगड स्वतःच प्रकाशतो, हा वाद पुढे बराच काळ चालला. तो दगड म्हणजे बेरियम सल्फेट, आणि भाजल्यावर तयार झालेलं बेरियम सल्फाइड. १७६८ मध्ये इंग्लंडच्या जॉन कँटन यांनी कालवांचे शिंपले गंधकाबरोबर भाजून कॅल्शियम सल्फाइडचा चकाकणारा पदार्थ केला. १८६६ मध्ये फ्रान्समध्ये तेओदोर सिदो यांनी झिंक सल्फाइडचे चकाकणारे स्फटिक मिळवले. १८७७ मध्ये विल्यम बाल्मेन यांनी इंग्लंडमध्ये चकाकत्या रंगाचं पेटंट घेतलं आणि घड्याळाच्या तबकड्यांपासून काड्यापेट्यांपर्यंत अनेक वस्तूंवर तो रंग चढला.

या सगळ्या पदार्थांचं वर्तन एकाच तत्त्वावर चालतं. उजेड पडला की स्फटिकातले इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातात. काही लगेच खाली येतात, काही स्फटिकातल्या दोषांमध्ये अडकतात आणि खोलीच्या उबेने हळूहळू सुटत राहतात. रांजणातून पाणी झिरपावं तसा प्रकाश झिरपतो: आधी भराभर, मग संथ, मग थेंब थेंब. पहिल्या काही मिनिटांत तेज झपाट्याने घटतं आणि मग तासन्‌तास फिकट रेंगाळतं. या वाटेचं बळ आणि कमकुवतपणा दोन्ही इथेच आहेत. पहाटे चारला वाचायचा आकडा संध्याकाळी सहाच्या उजेडावर जगत नाही. निदान त्या काळी तरी जगत नव्हता.

म्हणून रेडियम आलं तेव्हा ते चमत्कारासारखं वाटलं. क्यूरी दांपत्याने १८९८ मध्ये ते शोधलं. त्याच्या अल्फा किरणांनी झिंक सल्फाइड सतत उजळतं हे लवकरच लक्षात आलं आणि दोन्ही एकत्र करून रंग बनला. याला ऊन नको, दिवा नको. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत मनगटी घड्याळ सैनिकाच्या हातावर रुळलं आणि त्यावर रेडियमचे आकडे चढले. विमानांच्या तबकड्यांवर, होकायंत्रांवर तोच रंग गेला. जर्मन रायफलींना रात्रीसाठी चकाकती माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमखूण, बसवली गेली. फ्लॉरेन्सच्या पानेराई कंपनीने इटालियन नौदलाच्या उपकरणांसाठी असाच रंग वापरला, त्याचं नाव 'रादिओमीर'. रात्रीच्या नेमाचा आणि चकाकत्या खुणांचा धंदेवाईक संबंध या युद्धात पक्का झाला.

हा रंग लावत कोण होतं? न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावातल्या कारखान्यात तरुण मुली, काही अगदी शाळकरी वयाच्या. तबकडीवरची रेघ केसासारखी बारीक हवी, म्हणून ब्रशचं टोक ओठांत धरून बारीक करायचं, रंगात बुडवायचं, रंगवायचं, पुन्हा ओठांत. तसंच शिकवलं जाई. त्याच कारखान्यातले रसायनतज्ज्ञ शिशाच्या आडोशामागे, चिमट्याने हाताळणी करत. मुलींना मात्र हे निरुपद्रवी असल्याचं सांगितलं जाई. रेडियम शरीरात कॅल्शियमसारखं वागतं आणि थेट हाडांत जाऊन बसतं. दात हलू लागले, जबडे कुजू लागले, हाडं विरू लागली. १९२२ मध्ये त्यांतली मॉली माजिया मरण पावली. तिच्या आजाराचं कारण भलतंच नोंदवलं गेलं होतं. हॅरिसन मार्टलँड या वैद्यकीय अधिकाऱ्याने १९२५ मध्ये रेडियम आणि हा आजार यांचा संबंध छापून मांडला. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सहकारिणींनी १९२७ मध्ये दावा लावला. १९२८ मध्ये तडजोड झाली: प्रत्येकीला १०,००० डॉलर रोख आणि दरवर्षी ६०० डॉलर. त्याच वर्षी तो रंग तयार करणारे डॉ. साबिन फॉन सोचोकी स्वतःही किरणोत्सर्गाने झालेल्या रक्तक्षयाने गेले. इलिनॉयमधल्या ओटावा गावात दुसऱ्या एका कंपनीच्या विरोधात कॅथरीन डोनोह्यू हिने १९३८ मध्ये खटला जिंकला आणि त्याच वर्षी तिचा मृत्यू झाला. ओटावात २०११ मध्ये या कामगार मुलींच्या स्मरणार्थ पुतळा उभारला गेला.

या प्रकरणाला पुस्तकात मुद्दाम बरीच जागा दिली आहे. या मुलींच्या हाडांतून जी मोजमापं मिळाली, त्यांच्यावरून १९४१ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेतले रॉब्ली इव्हान्स आणि इतरांनी माणसाच्या शरीरात जास्तीत जास्त किती रेडियम चालेल याची मर्यादा ठरवली: एक मायक्रोग्रॅमचा दहावा भाग. पुढे अणुबाँबच्या प्रकल्पात प्लुटोनियम हाताळणाऱ्यांसाठीची मर्यादा ठरवताना हाच आधार घेतला गेला. किरणोत्सर्गापासून कामगारांचं रक्षण करण्याचं शास्त्र ज्या थोड्या घटनांवर उभं आहे, त्यांतली ही एक. ते शास्त्र त्या मुलींनी आपल्या जबड्यांनी लिहिलं आहे. घड्याळाच्या काट्यावरचा हिरवा उजेड पाहताना वाचकाला हे माहीत असावं, असं मला मनापासून वाटतं.

याचा एक व्यवहारी भाग आजही आपल्या घरांत आहे. रेडियमचं अर्धआयुष्य सुमारे १६०० वर्षं. आजोबांच्या घड्याळाचा उजेड गेला असेल, पण रेडियम गेलेलं नाही. किरणांच्या माऱ्याने झिंक सल्फाइड निकामी झालं, एवढंच. मुंबईच्या चोरबाजारात किंवा जुन्या वस्तूंच्या कुठल्याही बाजारात १९६० च्या दशकापर्यंतचं घड्याळ, विमानातलं जुनं मापक किंवा लष्करी होकायंत्र घेतलं आणि त्याचे आकडे पिवळट तपकिरी, भुरभुरीत झालेले दिसले, तर ते उघडू नये, खरवडू नये, फुंकर मारून साफ करू नये. धोका काचेबाहेरून फारसा नसतो, तो ती धूळ श्वासात किंवा पोटात गेली तर असतो.

१९६० च्या दशकात रेडियमची जागा ट्रिटियमने घेतली. हा हायड्रोजनचाच किरणोत्सर्गी भाऊबंद. त्याचे बीटा कण इतके दुबळे, की घड्याळाच्या काचेपलीकडे जात नाहीत, माणसाची कातडीही भेदत नाहीत. अर्धआयुष्य सव्वाबारा वर्षांचं. स्विस घड्याळांच्या तबकडीवर सहाच्या खाली इंग्रजी टी हे अक्षर दिसलं तर ते ट्रिटियमचं. काही काळ प्रोमेथियमही वापरात होतं. अपोलोच्या चांद्रमोहिमांत यानांतल्या बटणांची टोकं त्याने उजळवली होती. ट्रिटियम रंगात मिसळण्याऐवजी आतून झिंक सल्फाइडचा थर दिलेल्या इवल्याशा काचनळीत वायुरूपात बंद करण्याची पद्धत पुढे रूढ झाली. ती जास्त सुरक्षित आणि आजही चालू आहे. अमेरिकन लष्कराच्या होकायंत्रात अशाच नळ्या असतात. ब्रिटिश सैन्याच्या एसएलआर रायफलीवरची ट्रायलक्स दुर्बीण आणि नंतरची सुसॅट, तसंच १९८७ पासूनची ट्रायजिकॉनची एकॉग, यांत ट्रिटियमने नेमखूण उजळते. लक्षात घ्यायची गोष्ट ही, की या दुर्बिणींनी आतली नेमखूण उजळवली, बाहेरचे आकडे नाही. लांब पल्ल्याच्या नेमबाजीत टरेट सतत फिरवावा लागू लागला, तेव्हा उरलेला अंधार बाहेरच्या आकड्यांवरच होता.

आणि मग जपानने दगडाची जुनी वाट पुन्हा उघडली. नेमोतो ही कंपनी १९४१ पासून चकाकते रंग बनवत होती. किरणोत्सर्गी पदार्थांवरचे निर्बंध वाढत गेले, तसा तिने त्यांना पर्याय शोधायला घेतला. १९९३ मध्ये तिने स्ट्रॉन्शियम अल्युमिनेटमध्ये युरोपियम आणि डिस्प्रोशियम यांचा अंश घालून नवा पदार्थ आणला, 'ल्युमिनोव्हा'. जुन्या झिंक सल्फाइडच्या मानाने तो सुमारे दहापट तेजस्वी आणि दहापट काळ टिकणारा निघाला. त्याचा उजेड ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे दंडपेशींच्या आवडीचाच. बोलोन्याच्या चांभाराच्या दगडाला अखेर रात्रभर टिकणारी नात सापडली. संध्याकाळी चांगला भरलेला आकडा पहाटे, अंधाराला सरावलेल्या डोळ्याला दिसू लागला. आज बहुतेक नव्या चकाकत्या घड्याळांवर याच कुळातला रंग असतो.

या क्षेत्रात आज तीन मतं आहेत आणि त्यांचे वाद जिवंत आहेत. पहिलं मत उजेड साठवून परत देणाऱ्या रंगांचं. स्वस्त, बिनविषारी, बॅटरीविना, पण आधी उजेड मिळाला तरच. दुसरं स्वतः उजळणाऱ्या ट्रिटियमच्या नळ्यांचं. भरवशाचं, पण महाग, वर्षागणिक फिकं होत जाणारं आणि किरणोत्सर्गी असल्याने नियमांच्या चौकटीतलं. भारतात अशा गोष्टींवर अणुऊर्जा नियामक मंडळाची नजर असते, त्याचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तिनगरला आहे. तिसरं मत बारीक एलईडी आणि बॅटरीचं. हवा तेव्हा, हवा तेवढा उजेड, पण बॅटरी संपली की काहीच नाही. ट्रकच्या मागे किंवा सायकलच्या चाकाला लावलेली, आपल्याकडे सर्रास रेडियम म्हटली जाणारी पट्टी या तिन्हींत बसत नाही. ती दिव्याचा प्रकाश आल्या वाटेने परतवते आणि दिवा गेला की तीही काळी होते.

यांतलं एकच खरं आणि बाकीची मागासलेली, असं मला वाटत नाही. रात्री एकदा घड्याळ पाहणाऱ्याला रंग पुरतो. सहा महिने अंधाऱ्या गोदामात पडून असलेलं होकायंत्र अचानक वापरायचं असेल, तर ट्रिटियमला तोड नाही. रायफलीच्या टरेटला मात्र रंगच योग्य, असं माझं मत अनेक बाजूंनी विचार करून झालं आहे.

या टरेटकडे जरा जवळून पाहू. कोरलेली रेघ फारच अरुंद असते आणि उजेड किती निघेल हे रंगाच्या जाडीवर आणि कणांच्या आकारावर अवलंबून असतं. मोठे कण जास्त उजळतात, पण बारीक खोबणीत ते नीट बसत नाहीत. खोबणीच्या तळाशी आधी पांढरा थर दिला, तर खाली जाणारा प्रकाशही वर परततो आणि तेज वाढतं. स्ट्रॉन्शियम अल्युमिनेट पाण्याने बिघडतं, म्हणून ते पारदर्शक रेझिनमध्येच भरावं लागतं, पाण्यात मिसळलेल्या साध्या रंगात नाही. भरायला निळा किंवा अतिनील प्रकाश लागतो. छोटा अतिनील टॉर्च काही सेकंदांत ते भरतो. लाल टॉर्च, जो डोळ्याला सर्वांत सोसवतो, तो मात्र ते भरूच शकत नाही, कारण लाल प्रकाशात तेवढी ऊर्जा नसते. म्हणून अनुभवी माणूस संध्याकाळी, डोळे अंधाराला सरावण्याआधीच टरेट भरून घेतो, त्यावर झाकण घालतो आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं तो भडक असताना उघडा ठेवत नाही.

रात्री पाहण्याच्या उपकरणांनी या विषयाला नवी कलाटणी दिली. प्रकाश हजारो पटींनी वाढवून दाखवणारा चष्मा लावलेल्याला ताजा भरलेला आकडा दिव्यासारखा भगभगीत दिसतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून विमानांच्या कॉकपिटमध्ये वैमानिकांची नजर सांभाळायला लाल दिवे लावले गेले. हे चष्मे आले तेव्हा तेच लाल दिवे त्यांना आंधळे करू लागले, कारण या उपकरणांना लाल आणि अवरक्त प्रकाश विशेष लवकर जाणवतो. मग लष्करी कॉकपिट निळसर हिरवे झाले. डोळ्याला पुरतं ते यंत्राला खुपतं, हा नवा पेच आता प्रत्येक चकाकत्या खुणेपुढे आहे.

नागरी जीवनातही हा विषय आता बाजूचा राहिलेला नाही. १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने प्रवासी जहाजांच्या बोळांत जमिनीलगतच्या मार्गखुणांसाठी ठराव केला, कारण धूर आधी छताला भरतो आणि वरचे दिवे दिसेनासे होतात. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरवर बाँबहल्ला झाला, त्यानंतर तिथल्या जिन्यांत चकाकत्या पट्ट्या लावल्या गेल्या. ११ सप्टेंबर २००१ ला वीज गेलेल्या जिन्यांतून उतरणाऱ्यांना त्यांचा उपयोग झाला. २००४ च्या न्यूयॉर्कच्या कायद्याने उंच कार्यालयीन इमारतींत अशा पट्ट्या सक्तीच्या केल्या. मुंबई, ठाणे, पुण्याच्या तीस-चाळीस मजली इमारतींत राहणाऱ्या वाचकाला आपल्या जिन्याच्या कडा आग लागल्यावर दिसतील का, हा प्रश्न पडायला हवा. या इमारतींचे जिने बघावेत, तिथल्या पट्ट्या खरोखर उजेड साठवणाऱ्या आहेत की नुसत्या परतवणाऱ्या, हे दिवा घालवून तपासावं. त्याला ना पैसे लागतात ना परवानगी.

पुस्तक तीन वाचक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. घड्याळांचा किंवा जुन्या उपकरणांचा शौकीन, नेमबाज किंवा लष्करातला माणूस, आणि पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकल्यापासून आपल्याकडे क्लिक हा शब्द अनेकांच्या कानावर पडू लागला आहे. त्या क्रीडाप्रकारात दुर्बीण चालत नाही, साध्या भोकाच्या नेमयंत्रावरच क्लिक फिरवावे लागतात. पण क्लिक म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्याला टरेटचा भाग अवघड जाणार नाही. गणित फक्त जिथे टाळता येत नाही तिथेच आहे. रंग कसा बनवावा याच्या घरगुती कृती दिलेल्या नाहीत, आणि किरणोत्सर्गी रंगांच्या बाबतीत तर मुद्दामच नाहीत. रात्री नेम साधण्याच्या डावपेचांचाही इथे विचार नाही. तो वेगळा विषय आहे आणि त्याला वेगळे जाणकार आहेत.

चित्रांबद्दल थोडं सांगायला हवं. चकाकत्या तबकड्यांची छायाचित्रं फसवी असतात. कॅमेऱ्याची झडप तीस सेकंद उघडी ठेवली, की डोळ्याला जेमतेम जाणवणारा आकडा निऑनच्या पाटीसारखा दिसतो. या पुस्तकात प्रत्येक छायाचित्राखाली झडप किती वेळ उघडी होती आणि रंग भरल्यावर किती मिनिटांनी ते काढलं, हे लिहिलं आहे. दोन रंगांची तुलना करायची असेल तिथे दोन्ही एकाच फ्रेममध्ये ठेवले आहेत. आणि जिथे छायाचित्र सत्य दाखवू शकत नव्हतं, तिथे अर्धा तास अंधारात बसून डोळ्याला जे दिसलं, ते हाताने काढलेलं रेखाटन दिलं आहे.